विद्यापीठाचे वर्ष आणि आपल्या जिल्ह्याचे वर्ष

आपल्या १९९० च्या दहावीच्या बॅचमधल्या कुणाच्याही घरी जुन्या कागदांची फाईल काढून पाहावी. शाळा सोडल्याचा दाखला सापडेल, त्यावर गावाच्या नावापुढे ‘जिल्हा धुळे’ असे लिहिलेले आहे. ज्यांनी पुढे कॉलेज केले त्यांचे पदवी प्रमाणपत्र सापडेल, त्यावर ‘उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जळगाव’. आणि त्याच फाईलमध्ये मुलामुलींची गुणपत्रिका ठेवलेली असेल, तर तिच्यावर ‘कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’ आणि कॉलेजच्या पत्त्यात ‘जिल्हा नंदुरबार’. घर तेच, गल्ली तीच, स्टेशनही तेच. स्मरणिका समितीने ‘तू इतिहासाचा माणूस, काहीतरी लिही’ असे फर्मावले तेव्हा या तीन कागदांवरच लिहावे असे वाटले. शाळेच्या आठवणी बाकीचे मित्र-मैत्रिणी लिहिणारच आहेत, आणि माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील.

आपला दहावीचा निकाल लागला तो १९९० च्या जूनमध्ये. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १५ ऑगस्ट १९९० रोजी, पुणे विद्यापीठातून जळगाव आणि धुळे हे दोन जिल्हे वेगळे काढून उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. आपल्याला त्याचे काही वाटले नव्हते हे कबूल करायला हवे. अकरावीला कोणती साईड घ्यायची, हा त्यावेळचा मोठा प्रश्न होता. पण १९९२ ला बारावी होऊन आपण कॉलेजात गेलो आणि नव्या विद्यापीठाच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांमध्ये जमा झालो. आपल्या आधीच्या पिढीच्या पदवीवर पुण्याचे नाव होते. त्याआधीच्या पिढीच्या पदवीवर, म्हणजे जे मोजके पदवीधर गावात होते त्यांच्या कागदावर, मुंबईचे.

या अंतराचा इतिहास थोडा सांगतो. मुंबई विद्यापीठ १८५७ चे. खानदेशासाठी तब्बल नव्वद वर्षे विद्यापीठ म्हणजे मुंबईच. आपले आजोबा ‘मॅट्रिक’ म्हणत, तो शब्दही विद्यापीठाचाच. मॅट्रिक्युलेशन ही विद्यापीठात प्रवेश मिळवण्याची परीक्षा होती आणि मुंबई विद्यापीठ ती घेत असे. १९४९ पासून एस.एस.सी. बोर्डाची परीक्षा आली. म्हणजे नंदुरबारच्या मुलाची विद्यापीठाशी पहिली गाठ शाळेतच पडायची, आणि बहुतेकांची शेवटचीही. मॅट्रिक झालेला माणूस तलाठी, शिक्षक किंवा रेल्वेत क्लार्क व्हायचा. पुढे शिकायचे तर गाव सोडावे लागे.

गाव सोडणे शक्य झाले ते रेल्वेमुळे. तापी व्हॅली रेल्वे सुरतेहून अमळनेरपर्यंत १९०० च्या सुमारास पुरी झाली आणि नंदुरबार त्या लाइनवर आले. ही लाइन मुख्यतः कापसासाठी घातलेली होती. पण तिच्या दोन टोकांना काय होते ते पाहा. एका टोकाला सुरत, जिथे १९१८ पासून एम.टी.बी. कॉलेज होते. दुसऱ्या टोकाला अमळनेर, जिथे साने गुरुजी १९२४ ते १९३० प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि जिथे १९४५ मध्ये प्रताप कॉलेज निघाले. त्याच वर्षी जळगावला मूळजी जेठा कॉलेज सुरू झाले. नंदुरबारच्या सुखवस्तू घरांतली मुले पश्चिमेला जायची की पूर्वेला, हे त्यांच्या घरात गुजराती बोलली जाते की मराठी-अहिराणी, यावर बरेचसे ठरे. नवापूरचे स्टेशन जसे अर्धे महाराष्ट्रात नि अर्धे गुजरातेत आहे, तशीच आपली सगळी पट्टी.

इथे १९४२ चा उल्लेख टाळून पुढे जाणे नंदुरबारकराला शक्य नाही. ९ सप्टेंबर १९४२ ला शिरीषकुमार मेहता आणि त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्याम शहा गोळीबारात पडले. शिरीषकुमार सोळा वर्षांचाही नव्हता. आपण दरवर्षी त्या दिवशी माणिक चौकात रांगेने जायचो, उन्हात उभे राहायचो, आणि घरी येताना भेळ खायचो. मला आज त्यातले एवढेच सांगायचे आहे की तो शाळकरी मुलांचा मोर्चा होता. कॉलेज नसलेल्या गावात चळवळ करायला उरली होती ती शाळेचीच मुले.

१९४९ मध्ये पुणे विद्यापीठ निघाले. आरंभी त्याच्याकडे पश्चिम महाराष्ट्रातले बारा जिल्हे होते. १९६२ ला कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाल्यावर दक्षिणेकडचे जिल्हे गेले आणि पुण्याकडे पुणे, अहमदनगर, नाशिक, धुळे, जळगाव असे पाच उरले. मराठवाड्याला १९५८ मध्येच स्वतःचे विद्यापीठ मिळाले होते, नागपूरला तर १९२३ पासून होते, अमरावतीला १९८३ मध्ये मिळाले. खानदेशाचा नंबर सगळ्यात शेवटी लागला. दरम्यान कॉलेजे मात्र जवळ आली होती. नंदुरबारला गजमल तुळशीराम पाटील महाविद्यालय उभे राहिले, शहाद्याला पी. के. अण्णा पाटलांनी साने गुरुजींच्या नावाने मंडळ काढून शाळा-कॉलेजांचे जाळे विणले. कॉलेज गावात आणि विद्यापीठ पुण्यात, अशी ती स्थिती होती. गुणपत्रिकेत आडनावाची एक वेलांटी चुकली तरी पुण्याची वारी. ज्याचा कुणी पुण्यात नातेवाईक नाही त्याने ती चूक तशीच आयुष्यभर वागवली. अशी दोन चुकीची आडनावे मला माहीत आहेत, आणि त्या घरांतली नातवंडेही आता तीच आडनावे लावतात.

म्हणून जळगावला विद्यापीठ आले याचा अर्थ साध्या माणसाच्या भाषेत असा होता: सकाळची गाडी धरायची, दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, अमळनेर, धरणगाव करत जळगावला उतरायचे, काम करायचे आणि रात्री घरी. दीडशे किलोमीटरच्या आसपासचे अंतर. जळगाव येण्याआधी पाळधी जाते आणि मग गिरणेचा पूल लागतो. त्या परिसरात बांभोरीजवळच्या उघड्या टेकड्यांवर विद्यापीठाला साडेसहाशे एकर जागा मिळाली. पहिले कुलगुरू गणितज्ञ प्रा. निं. कृ. ठाकरे. तो माळ किती ओसाड होता हे ज्यांनी नव्वदीच्या दशकात पाहिले त्यांना आजची तिथली झाडी खरी वाटत नाही. उतारावर पाणी अडवून, चर खोदून, वर्षानुवर्षे लावत नेलेली ती झाडे आहेत.

पुढे १ जुलै १९९८ ला धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा झाला, तेव्हा विद्यापीठाचे दोन जिल्ह्यांचे तीन झाले. जमीन वाढली नव्हती, पण एक गोष्ट डोळ्यांसमोर आली. धुळे जिल्ह्याच्या सरासरीत आजवर जे झाकले जात होते ते नव्या जिल्ह्याच्या आकड्यांत उघडे पडले. २०११ च्या जनगणनेत नंदुरबारची लोकसंख्या साडेसोळा लाखांजवळ, त्यात शंभरात एकोणसत्तर माणसे आदिवासी. साक्षरता ६४ टक्क्यांच्या थोडी वर, जेव्हा राज्याची ८२ टक्के होती. राज्यात सर्वांत कमी आपली.

आता विद्यापीठाच्या वर्षाकडे येतो, कारण माझा खरा विषय तो आहे. विद्यापीठाचे वर्ष जूनमध्ये प्रवेशाने सुरू होते. १५ ऑगस्टला झेंडावंदन आणि वर्धापन दिन एकाच सकाळी. २४ सप्टेंबर हा राष्ट्रीय सेवा योजनेचा दिवस. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, देशातल्या ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली होती. मग युवक महोत्सव, ज्याला आपले विद्यापीठ ‘युवारंग’ म्हणते. तीन जिल्ह्यांची मुलेमुली मूकनाट्य, समूहगीत, रांगोळी, लोकनृत्य घेऊन एकत्र येतात. जिंकलेले पुढे राज्याच्या ‘इंद्रधनुष्य’ला जातात. संशोधन करणाऱ्यांसाठी ‘आविष्कार’ स्पर्धा. डिसेंबर-जानेवारीत सेवा योजनेचे हिवाळी शिबिर. मग पदवीप्रदान समारंभ, परीक्षा, निकाल. दरवर्षी वार्षिक अहवाल निघतो आणि त्यात हे सगळे टप्पे ओळीने येतात, इतकी शिबिरे, इतके स्वयंसेवक, इतकी दत्तक गावे. मी स्वतः कॉलेजात शिकवायला लागल्यावर असे कित्येक तक्ते भरले आहेत. तक्ता खोटा नसतो. पण तक्त्यात एक रकाना नसतो, आणि तो नाही हे मला एका शिबिरात कळले.

१९९३ चा डिसेंबर. आम्ही एस.वाय.ला होतो. तेव्हा शिबिर दहा दिवसांचे असायचे, आता सात दिवसांचे असते. तळोदा तालुक्यातले सातपुड्याच्या पायथ्याचे एक गाव होते. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून नाल्यावर वनराई बंधारा घालायचा, गाव झाडायचे, दुपारनंतर घरोघर साक्षरतेची पाहणी आणि संध्याकाळी पाहुण्यांचे व्याख्यान, असा कार्यक्रम. आपल्या बॅचमधले आम्ही पाचजण होतो. वाचताना त्यांना ओळख पटेलच.

पहिल्या दुपारी पाहणीचे फॉर्म घेऊन आम्ही फळ्याफळ्यांतून फिरलो. निम्म्याहून अधिक घरांना कुडाची ताटी ओढून वर बाभळीची फांदी आडवी लावलेली. फॉर्मवर कुटुंबप्रमुखाचे नाव, वय, शिक्षण असे रकाने होते. आम्ही लिहीत गेलो: ‘घर बंद’, ‘घर बंद’, ‘घर बंद’. उरलेल्या घरांत म्हातारी माणसे आणि अगदी लहान पोरे. संध्याकाळी लोकसंख्या शिक्षणावर व्याख्यान झाले. श्रोते म्हणजे सत्तरीचे आठ-दहा आबा, काही आज्या आणि त्यांच्या मांडीवर झोपलेली नातवंडे. वक्ते अगदी मनापासून बोलले.

तिसऱ्या दिवशी बंधाऱ्याजवळ एक आबा येऊन बसले. आमच्यातल्या एकाला भिली येत होती, तो बोलत होता. आबांनी विचारले, ही पोरे कशाला आली आहेत? त्याने सांगितले, गावाच्या सेवेला. आबा म्हणाले, गाव तर मढीला आहे, बारडोलीला आहे. इथे कुठे गाव आहे? मग थोडे थांबून म्हणाले, होळीला या. होळीला सगळे असतात.

नंदुरबारमध्ये वाढलेली आम्ही पोरे. दिवाळी झाली की ट्रक भरभरून माणसे गुजरातेत ऊसतोडीला जातात हे आम्हाला काय ठाऊक नव्हते? स्टेशनवर आणि बस स्टँडवर बोचकी, कोंबड्या, भांडी घेऊन बसलेली कुटुंबे आम्ही लहानपणापासून पाहिली होती. दक्षिण गुजरातचे साखर कारखाने खानदेशातल्या मजुरांवर चालतात हे इतके उघड आहे की यान ब्रेमन नावाच्या डच समाजशास्त्रज्ञाने बारडोलीच्या ऊसतोड्यांवर सत्तरीच्या दशकापासून लिहिले आहे. मुकादम पावसाळ्यात, घरात दाणा संपतो तेव्हा, उचल देतो. उचल घेतली की नवरा-बायकोचा एक कोयता ठरतो. दिवाळीनंतर कोयता निघतो तो उन्हाळ्यापर्यंत. मधे होळीला चार दिवस यायचे, पुन्हा जायचे. हे सगळे आम्हाला माहीत होते. फक्त शिबिराची तारीख ठरवताना ते कुणाला आठवले नाही, कारण शिबिराची तारीख ‘हिवाळी’ या शब्दातच आधी ठरलेली होती.

त्या शिबिराच्या अहवालात आम्ही लिहिले की गावातले साक्षरतेचे प्रमाण अत्यल्प आहे. आज इतिहास शिकवताना मी विद्यार्थ्यांना साधनांची चिकित्सा म्हणजे काय हे सांगतो तेव्हा याच अहवालाचे उदाहरण देतो. ज्यांना मोजले ते गाव नव्हते. गाव सोडून जाण्याची ज्यांची ताकद संपली होती किंवा अजून आली नव्हती, ती माणसे होती. शाळेच्या हजेरीपटावर नावे होती, वर्गात मुले नव्हती, कारण तीही उसाच्या फडात, धाकट्या भावंडाला सांभाळायला गेलेली.

आमच्यातला ज्याला भिली येत होती तो आपल्याच वर्गातला. नाव लिहू नकोस असे त्याने सांगितले आहे, म्हणून लिहीत नाही. पण वसतिगृहातून येणारा, गणिताच्या बाईंचा लाडका, कबड्डीत पाय धरला की न सोडणारा म्हटल्यावर सगळ्यांना कळेल. त्याची हकीकत या शिबिराच्या आधीच्या वर्षाची आहे. १९९२ च्या दिवाळीत त्याचे वडील आजारी पडले. उचल घेतलेली होती. कोयता मोडला तर ती अंगावर पडणार. आईबरोबर तो गेला. होळीला परत येऊन परीक्षा देईन असे सांगून गेला आणि होळीला परत आलाही. परीक्षा व्हायची होती. पण परीक्षेचा फॉर्म भरण्याची तारीख हिवाळ्यात होऊन गेली होती. कुणाला दोष द्यावा असे त्यात काही नव्हते. सूचना फलकावर लागली होती, आणि फलकाजवळ तो नव्हता. आम्ही होतो, पण आम्हालाही सुचले नाही. हे शेवटचे वाक्य मी तीस वर्षांत पहिल्यांदा लिहितो आहे. तो पुढच्या वर्षी पुन्हा एफ.वाय.ला बसला, शिबिराला आमच्याबरोबर आला, आणि त्यानंतर मात्र कॉलेज सुटले ते सुटलेच.

ज्याला आपण शैक्षणिक वर्ष म्हणतो ते मुळात कुणाचे वर्ष आहे, असा प्रश्न मला तेव्हापासून पडतो. हे एका विद्यापीठाचे काम नाही. राज्यभर जून ते एप्रिल असाच गाडा आहे, आणि बोर्डाच्या परीक्षाही त्याच काळात. शहरात दिवाळी आणि मे या सुट्ट्या बरोबर बसतात. सातपुड्याचे वर्ष वेगळे आहे. दिवाळीत अस्तंब्याची यात्रा, तरुण पोरे रात्रभर डोंगर चढून अश्वत्थाम्याच्या शिखरावर जातात. मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार. महाशिवरात्रीला याहामोगी मातेसाठी देवमोगऱ्याकडे पायी निघालेली माणसे. आणि मग होळी. होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्याचे बाजार. गावोगावच्या होळ्या वेगवेगळ्या रात्री, म्हणजे एका गावच्या माणसाला दुसऱ्या गावच्या होळीला जाता येते. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी सगळ्यात मोठी. डोक्यावर मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरू आणि वाळलेले भोपळे बांधलेले बुध्ये, बावे, आणि रात्रभर ढोल. पहाटे होळी पेटते. फडातून आलेला माणूस या चार दिवसांत लग्ने ठरवतो, भांडणे मिटवतो, देवाचे नवस फेडतो. सगळे गाव एका जागी सापडण्याचे हेच दिवस, आणि याच दिवसांत आपण परीक्षेच्या हॉलमध्ये नाही तर अभ्यासिकेत.

गंमत अशी की युवारंगच्या मंचावर आपल्या जिल्ह्याचे होळी नृत्य हमखास टाळ्या घेते. मीही परीक्षक म्हणून कधी बसलो आहे आणि मनापासून गुण दिले आहेत. शिबिराला जाताना मात्र आपण त्या होळीला चुकवतो.

विद्यापीठ आणि हा डोंगर यांची गाठ कधी दुसऱ्या रीतीनेही पडली होती, आणि ती कोणत्याही वार्षिक अहवालात नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे शहाद्याला श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती हा त्या भागातला भिल्ल कार्यकर्ता आधीपासून काम करत होता. त्याच्या कामाने ओढले जाऊन पुण्या-मुंबईची शिकलेली मुले इथे आली. कुमार शिराळकर आयआयटीतले इंजिनिअर. ते शहाद्याला आले आणि जन्मभर शेतमजूर-आदिवासींच्या कामात राहिले. २ ऑक्टोबर २०२२ ला गेले. ही मुले गावात राहायची, भाकरी मागून खायची, आणि मजुरीचा दर, गहाण जमिनीचे हिशोब, सालदाराचे तास लोकांकडून समजून घ्यायची. अंबरसिंग १९७४ मध्ये, ऐन तरुणपणी वारला. पण त्या संघटनेतून जी स्थानिक माणसे घडली त्यांत वाहरू सोनवणे आहेत. त्यांचा ‘गोधड’ हा संग्रह १९८७ चा. त्यांची ‘स्टेज’ ही कविता, ज्यांच्यासाठी कार्यक्रम होतो ते मंचाखालीच बसतात आणि त्यांचे दुःख दुसराच सांगतो, यावर आहे. शिबिराच्या उद्घाटनाला मंच बांधताना मला ती नेहमी आठवते, आणि तरी मंच बांधावा लागतोच. पाहुण्यांना बसवायचे कुठे?

नर्मदेच्या काठीही असेच. धरणाच्या पाण्याने अक्कलकुवा-अक्राणीतली गावे उठू लागली तेव्हा नव्वदीच्या आरंभी आंदोलनाने तिथे जीवनशाळा काढल्या. मास्तर गावातलेच, पहिली अक्षरे पोरांच्या बोलीतून. विद्यापीठाच्या दृष्टीने ती शिक्षणसंस्थाही नव्हती. आज त्या शाळांतून गेलेली मुले कॉलेजात भेटतात तेव्हा त्यांची बसण्याची, प्रश्न विचारण्याची पद्धत वेगळी जाणवते. हे माझे निरीक्षण आहे, संशोधन नव्हे.

जळगावनेही हात आखडता घेतलेला नाही, हेही लिहायला हवे. विद्यापीठाने मुख्य परिसराबाहेर तीन ठिकाणी केंद्रे काढली तेव्हा अमळनेरला साने गुरुजींचे नाव दिले, धुळ्याला महात्मा गांधींचे आणि नंदुरबारला एकलव्याचे. पुढे नंदुरबारसाठी आदिवासी अकादमीही आली. एकलव्याचे नाव सुचवणाऱ्याला मी मनात अनेकदा दाद दिली आहे. वर्गाबाहेर ठेवलेला, स्वतः शिकलेला आणि शिकल्याबद्दल अंगठा द्यावा लागलेला विद्यार्थी. एखाद्या विद्यापीठाने ते नाव स्वतःच्या पाटीवर लावणे म्हणजे गुरूच्या बाजूने दिलेली कबुलीच म्हणायची. २०१८ मध्ये विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव मिळाले. आसोद्याच्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या मुलाने आणि भाच्याने उतरवून घेतल्या म्हणून राहिल्या. माझ्या एका विद्यार्थिनीने विचारले होते, ‘सर, बहिणाबाई आज आल्या तर आपल्या साक्षरता सर्वेक्षणात त्यांच्यापुढे काय लिहायचे?’ मी म्हटले, निरक्षर. वर्ग बराच वेळ गप्प होता.

आता नव्या शैक्षणिक धोरणात समाजाबरोबरच्या कामाला आणि क्षेत्रप्रकल्पाला श्रेयांक आले आहेत. म्हणजे जे आम्ही हौसेने करायचो ते आता अभ्यासक्रमात मोजले जाईल. मला यात धोका दिसतो आणि संधीही. धोका हा की मुले पुन्हा बंद घरांचे फॉर्म भरून आणतील, यावेळी गुणांसाठी. संधी अशी की तारीख ठरवणे आता कॉलेजाच्या हातात थोडे अधिक आहे. गेली काही वर्षे मी माझ्या वर्गाचे गावातले काम दोन तुकड्यांत करतो: एक पावसाळ्यात, भातलावणी आटोपल्यावर, उचल द्यायला मुकादम फिरू लागतात त्या आठवड्यांत, दुसरी होळीला. पावसाळ्यात मुले उचलीचा हिशोब लिहून घेतात, कागदपत्रे अडली असतील तर अर्ज लिहून देतात, सिकलसेलची तपासणी राहिलेल्या घरांची यादी आरोग्य केंद्राला देतात. होळीला काही करायचे नसते, फक्त राहायचे. पहिल्या वर्षी मुलांनी विचारले, ‘सर, अहवालात काय लिहू?’ मी म्हटले, कोण कोण भेटले ते लिहा. एका मुलाने तीन पाने नावे लिहून आणली. यादी वाचताना मला १९९३ चा फॉर्म आठवला. गाव वेगळे होते, पण त्यावेळी जी घरे बंद लिहिली तशाच घरांतली माणसे या यादीत वय, शिक्षणासकट होती. त्यात दोन पदवीधर होते. दोघेही ऊसतोडीला जात होते.

परीक्षेचा फॉर्म आता मोबाइलवरून भरता येतो. दिवाळीच्या सुट्टीआधी मी वर्गात विचारतो, कोण घरच्यांबरोबर जाणार आहे. आरंभी कुणी हात वर करत नसे. आता चार-पाच हात येतात. त्यांचे नंबर एका वहीत लिहून घ्यायचे आणि तारीख जाहीर झाली की फोन करायचा, एवढेच काम आहे. फडात रेंज नसते, म्हणून मुकादमाचाही नंबर घेतो. मुकादम लोक याबाबतीत चांगले वागतात असा माझा अनुभव आहे. त्यांचीही मुले शिकतात.

आपल्या त्या मित्राची थोरली मुलगी आता शिकते आहे. ती ज्या वर्षी एफ.वाय.ला आली त्या दिवाळीत त्याचाच फोन आला. म्हणाला, ‘तारखेचं बघ रे भाऊ.’ बाकी काही बोलला नाही, आणि बोलायची गरजही नव्हती.

शेवटी या मेळाव्याबद्दल. समितीच्या पहिल्या बैठकीत नाताळच्या सुट्टीतला रविवार जवळजवळ पक्का झाला होता. पुण्या-मुंबईच्या, सुरतेच्या आणि परदेशी असलेल्या मंडळींना तो सोयीचा होता. मग यादी वाचताना लक्षात आले की आपल्या बॅचमधले सहाजण त्या दिवसांत इथे नसतात. दोघे ट्रॅक्टर घेऊन कारखान्यावर असतात, एकजण मुकादम आहे, तिघांची कुटुंबे तिकडे असतात. बराच वाद झाला. तारीख बदलली आणि होळीनंतरचा पहिला रविवार ठरला. त्यामुळे अमेरिकेतल्या दोघांना येता येणार नाही. त्यांनी समजून घेतले, एकाने तर समितीला जास्तीची वर्गणी पाठवली. धडगावकडच्या मित्रांसाठी सकाळी शहाद्याहून गाडी ठेवली आहे. घाटातून खाली उतरायला वेळ लागतो, तेव्हा कार्यक्रम अकराला सुरू होईल, साडेनऊला नाही. गणिताच्या बाई येणार आहेत. त्यांनी फोनवर विचारले ते फक्त एकाबद्दल, आणि तो येतो आहे असे मी त्यांना कळवले आहे.